मागीलदारचा पांगारा

अलिबागपासून खाली नागाव, चौल, रेवदंडा करत मुरूड-श्रीवर्धनपर्यंत किनाऱ्याच्या कुठल्याही वाडीत जा, पांगाऱ्याला कुणी हौसेनं जागा दिलेली दिसणार नाही. माडांना आळी असतात, पोफळींना पाटाचं पाणी असतं, जायफळीला त्या दोघांची सावली असते. केळीसुद्धा डोणीजवळची ओल अडवून बसतात. पांगारा मात्र मागीलदारी, वईवर, शेजाऱ्याच्या हद्दीला खेटून उभा. कधीतरी कुणीतरी कुंपणासाठी म्हणून खुंट पुरलेला असतो. तो रुजतो, फुटतो, पाचपंचवीस वर्षांत घरापेक्षा उंच होतो. त्याला ना कुणी शिंपण करत, ना खत घालत. मोजदादीत माड किती, पोफळी किती, हे सांगितलं जातं. पांगारा किती, हे विचारायचं कुणाच्या मनातही येत नाही.

दिसायलाही तो रुबाबदार नाही. करड्या सालीवर उभ्या फिकट रेघा, कोवळ्या फांद्यांवर काळे, बुंध्याशी जाड आणि टोकाला तीक्ष्ण काटे. पान पळसासारखं त्रिदळी, पण पातळ आणि मऊ. लाकूड इतकं हलकं नि पोकळ, की वासा करता येत नाही, दाराची चौकट करता येत नाही. चुलीत घातलं तर धूर जास्त आणि जाळ कमी. म्हणून सुतार त्याच्याकडे बघत नाही आणि सरपण गोळा करणाऱ्या बायाही त्याला वगळून पुढे जातात. या लाकडाचं चीज केलं ते सावंतवाडीच्या चिताऱ्यांनी. तिथली लाकडी खेळणी आणि खऱ्याशी स्पर्धा करणारी लाकडी फळं पूर्वापार पांगाऱ्यातून घडत आली, कारण हेच हलकं, मऊ लाकूड पटाशीला आणि रंगाला चटकन वश होतं.

वाडीतली त्याची कामं मुकाट्यानं चालतात. मिरवेल आणि नागवेल त्याच्या खोडाला धरून वर चढतात. शेंगा धरणाऱ्या कुळातला असल्यानं त्याच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नायट्रोजन जमिनीत आणतात, त्याचा लाभ शेजारच्या पोफळींना होतो. पाला शेळ्या आवडीनं खातात. उन्हाळ्यात सावली हवी तेव्हा तो पानांनी भरतो आणि थंडीत ऊन हवं तेव्हा पानं टाकून देतो.

ही पानं टाकण्याची वेळच त्याच्या जिवावर बेतणारी. मार्गशीर्षात पानं पिवळी पडायला लागतात, पौष संपेपर्यंत तो पार निष्पर्ण होतो. भोवती माड, पोफळी, आंबा, फणस हिरवेगार आणि हा एकटा बोडका. नवख्या माणसाला वाटतं, झाड वाळलं. आमच्या वाडीत एकदा साफसफाईला आलेला गडी कोयता घेऊन त्याच्यापाशी थांबला आणि म्हणाला, ‘‘काकू, हा मेलाय. तोडून टाकू? जागा तरी मोकळी होईल.’’

काकू पडवीतून ओरडल्या, ‘‘हात लावू नको रे त्याला! महिनाभर थांब आणि मग बघ कोण मेलंय ते.’’

माघ लागला की त्याच्या फांद्यांची टोकं जाड व्हायला लागतात. टोकावर काळपट तपकिरी कळ्यांचा दाट झुपका येतो. प्रत्येक कळी बाकदार, वाघनखासारखी. मग तळाकडच्या कळ्यांचं आवरण एका बाजूनं उभं फाटतं आणि त्यातून पाकळी बाहेर पडते ती एकदम लालभडक. पाच पाकळ्यांतली एकच मोठी, अंगठ्याहून लांब. बाकीच्या तिच्या पायथ्याशी आखूड राहिलेल्या. त्या मोठ्या पाकळीसमोर दहा पुंकेसरांचा जुडगा उघडाच बाहेर आलेला असतो. फुलायचा क्रम तळाकडून टोकाकडे, त्यामुळे एकेक तुरा बरेच दिवस पुरतो: खाली फुलं गळत असतात आणि टोकावर अजून कळ्याच असतात. झाडावर पान एकही नाही. हा लाल रंग झाकणारं काहीही त्यानं अंगावर ठेवलेलं नसतं, त्यामुळे तो दुरून दिसतो.

आणि ज्यांना दिसायला हवा त्यांनाच तो दिसतो. मधमाशीच्या डोळ्याला लाल रंग नीट कळत नाही. पक्ष्याच्या डोळ्याला तो लख्ख कळतो. पांगाऱ्याच्या फुलाला वास जवळजवळ नाहीच. वासाचा खर्च त्यानं वाचवला आहे, कारण पक्षी वासावर येत नाहीत. तो सगळा खर्च त्यानं रंगावर आणि रसावर केला आहे. सकाळी ताज्या उमललेल्या फुलाचा तळ किंचित दाबला तर पातळ गोड पाणी बोटावर येतं. मधासारखं दाट नाही, पण भरपूर.

उजाडायच्या आधी पहिले येतात बुलबुल, लालबुड्या आणि शिपाई दोघेही. त्यांच्या मागोमाग साळुंक्या, मग कोतवाल. ऊन अंगावर आलं की हळद्या येतो, पण तो बुजरा. आधी फणसाच्या पानांआड बसून अंदाज घेतो आणि मगच पिवळाजर्द उतरतो. शिंजीर दिवसभर येत-जात राहतो. चष्मेवाले दहा-बारांच्या टोळीनं येतात, सगळ्या झाडावर सांडतात आणि एकाएकी निघून जातात. टकाचोर, कावळे, हरेवा, तांबट, पोपट, अगदी खारसुद्धा. पळसमैना, ज्यांना गावात भोरड्या म्हणतात, त्या आल्या तर झाडाचा आवाजच बदलतो. शेकडो चोचींचा सतत किचकिचाट, त्यात बाकीच्यांचं काही ऐकू येत नाही. हिवाळा सरताना वाडीतले एवढ्या जातींचे पक्षी एका जागी एकावेळी दाखवणारं दुसरं ठिकाण मला माहीत नाही.

त्यातला एक बुलबुल दुर्बीण न लावताही बघता येतो. विहिरीच्या काठावर शांत बसलं की खालची फांदी फार दूर राहत नाही. तो थेट तुऱ्याच्या दांड्यावर उतरतो. दांडा लाकडासारखा टणक आहे, त्याच्या वजनानं वाकत नाही. पक्ष्यानं हवेत तरंगत रस प्यावा अशी पांगाऱ्याची अपेक्षाच नाही; बसायची सोय त्यानं करून ठेवली आहे. बुलबुल मान खाली घालतो, चोच फुलाच्या तळात जाते आणि त्याच क्षणी पुंकेसरांचा जुडगा त्याच्या हनुवटीला नि गालाला घासतो. मान वर येते तेव्हा काळ्या डोक्यावर परागांची पिवळसर पूड दिसते. तो दांड्यावरच चोच पुसतो, पण गालावरची पूड तशीच राहते. पाच-सात फुलं झाली की तो उडतो आणि दोन वाड्या पलीकडच्या पांगाऱ्यावर जाऊन बसतो. पांगाऱ्याला हवं होतं ते एवढंच. जेवणाचा मोबदला पाहुण्यांना न सांगता वसूल झाला.

सगळेच पाहुणे मोबदला देतात असं नाही. शिंजीर लहानखुरा, त्याची चोच बारीक. तो बऱ्याचदा फुलाच्या बाजूनं चोच घालून रस घेतो, परागांना शिवतही नाही. पोपट फूलच तोडून चावतात आणि खाली टाकतात. खार कळ्या कुरतडते. सकाळी झाडाखाली लाल सडा पडतो त्यातला बराचसा पोपट आणि खारीचा. पांगारा हे नुकसान सोसतो, कारण त्याची फुलं हजारोंनी असतात.

रसाची गोडीही त्यानं पाहुणे बघून ठरवली आहे, हे मला सगळ्यात विलक्षण वाटतं. आपली चहातली साखर म्हणजे सुक्रोज. साळुंकीच्या कुळातल्या पक्ष्यांच्या आतड्यात हे सुक्रोज फोडणारं एन्झाइम नसतं. त्यांना ते पचत नाही, पोट बिघडतं. पांगाऱ्याच्या रसात सुक्रोज अगदी कमी. ग्लुकोज आणि फ्रुक्टोज या आधीच फुटलेल्या साध्या शर्करा भरपूर. अमेरिकेत याच कुळातले पांगारे आहेत, त्यांच्याकडे गुंजनपक्षी येतात. त्या फुलांचा आकार नळीसारखा आणि रसात सुक्रोज जास्त, कारण गुंजनपक्ष्यांना ते सहज पचतं. एका घराण्यातली झाडं दोन खंडांत गेली आणि प्रत्येकानं आपापल्या पंक्तीला बसणाऱ्यांच्या पोटाप्रमाणे वाढायला घेतलं. साळुंक्यांसाठी साखरपाण्याची वाटी ठेवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

या नात्याचा अभ्यास आपल्याकडे लवकर सुरू झाला आणि त्यातला एक धागा याच किनाऱ्याला जोडलेला आहे. मुंबईतली संग्रहालयाची नोकरी सुटल्यावर सालिम अली १९३० साली अलिबागजवळच्या किहीमला राहायला आले. तिथे त्यांनी सुगरणींच्या वसाहतीवर दिवसचे दिवस नजर ठेवली. एक नर अर्धवट घरटं विणतो, मादी पसंत करते, ती अंड्यांवर बसली की नर पुढचं घरटं आणि पुढची मादी शोधतो, हा सगळा संसार त्यांनी किहीमच्या झाडांवर बघून जगापुढे मांडला. त्यानंतर १९३२ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात त्यांचा भारतातल्या फुलांकडे जाणाऱ्या पक्ष्यांवरचा आणि पक्ष्यांवर विसंबलेल्या फुलांवरचा दीर्घ लेख आला. फुलावर बसलेला पक्षी कोण, एवढ्यावर न थांबता तो तिथे काय घेतो आणि काय देतो, हा प्रश्न त्यांनी विचारला. माघात कुठल्याही पांगाऱ्याखाली उभं राहून तोच प्रश्न आजही विचारता येतो.

पंगत म्हटली की मानापमान आलेच. पांगाऱ्यावर कोतवालाचा शब्द चालतो. तो आकारानं साळुंकीपेक्षा मोठा नाही, पण एक तुरा त्यानं आपला मानला की त्यावर बसलेल्या कुणालाही तो हुसकावतो, कावळ्यालाही. गंमत म्हणजे रसाबरोबरच फुलांवर आलेले किडेही तो टिपतो, त्यामुळे त्याला दोन्ही ताटं हवी असतात. बुलबुल भांडत नाहीत. ते खालच्या फांद्यांवर राहतात, जिथे कोतवालाचं लक्ष कमी. चष्मेवाल्यांना कुणी मोजतच नाही. आणि या गजबजाटाचा माग काढत शिक्रा येतो. त्याची चाहूल लागली की पहिला इशारा बहुधा कोतवालाचाच. क्षणात झाड रिकामं होतं, खार खोडाला चिकटून दगड होते. शिक्रा गेल्यावर पुन्हा पहिले परततात ते बुलबुलच.

भोरड्यांची घाई मात्र वेगळी. त्यांना लांब जायचं असतं. हिवाळा इथे काढून एप्रिलपर्यंत त्या मध्य आशियातल्या गवताळ प्रदेशांकडे परततात. तिथे टोळांवर पिल्लं वाढवतात. निघण्याआधी अंगावर चरबी चढवायची असते. त्यासाठीचं इंधन त्यांना वाटेवरचे सावर, पांगारे आणि पळस देतात. चौलच्या एका वईवर उभं असलेलं झाड हजारो किलोमीटरच्या त्या प्रवासाच्या शिदोरीत भर घालतं.

पांगारा नुसता जेवायलाच घालतो असं नाही, घरही देतो. सुताराला नकोसं असलेलं त्याचं मऊ लाकूड तांबटाला फार सोयीचं. फांदीच्या वाळक्या टोकात, खालच्या बाजूनं, तो चोचीनं गोल दार कोरतो. याच दिवसांत त्याची ‘टुक टुक टुक’ दुपारभर चालू असते. तांबट सोडून गेला की पुढे त्या ढोलीत दुसरं कुणीतरी बिऱ्हाड करतं. वाळकी फांदी ‘वाईट दिसते’ म्हणून छाटणारा मालक एका घराचं जोतं उखडत असतो.

थंड देशांत पक्ष्यांना खायला घालण्याची रीत निराळी आणि तिला कारणही आहे. इंग्लंड-अमेरिकेत फेब्रुवारी म्हणजे पक्ष्यांचा सर्वांत कठीण काळ. जमीन गोठलेली, किडे नाहीत, बिया संपलेल्या. म्हणून लोक खिडकीबाहेर दाण्याच्या नळ्या आणि चरबीचे गोळे टांगतात, आणि तिथे आलेले पक्षी मोजतात. त्यातूनच १९९८ मध्ये कॉर्नेल विद्यापीठाची पक्षी प्रयोगशाळा आणि ऑडुबॉन सोसायटी यांनी ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ सुरू केला. फेब्रुवारीच्या मध्यावर चार दिवस, निदान पंधरा मिनिटं एका जागी थांबायचं आणि दिसलेले पक्षी नोंदवायचे. २०१३ पासून भारतातले लोकही त्यात भाग घेतात. ते चार दिवस आपल्याकडे नेमके पांगाऱ्याच्या बहराचे. ज्याच्या मागीलदारी पांगारा आहे त्याला मोजणीसाठी कुठे जावं लागत नाही.

आपल्या घरांचीही घालण्याची रीत होतीच. नवं भात आलं की लोंब्यांची जुडी पडवीच्या आढ्याला टांगायची, ती चिमण्यांनी वर्षभर सोलायची. पानातला पहिला घास कावळ्याला. रामफळीच्या शेंड्यावरची चार फळं पाखरांची म्हणून सोडायची. उन्हाळ्यात मातीचं परळ पाण्यानं भरून ठेवायचं. या सगळ्यात हात आखडता होता आणि तो शहाणपणाचा होता. धान्याचे ढीग ओतले की एकच जात फोफावते. मुंबईत कबुतरखान्यांवरून २०२५ साली जो वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला, त्याच्या मुळाशी हेच होतं. पांगाऱ्याच्या पंगतीत कबुतर नाही. जो खाईल त्याला थोडं काम करावं लागतं, दुसऱ्यासाठी जागा सोडावी लागते आणि दीड-दोन महिन्यांत जेवण संपतं. कुणी त्याच्यावर कायमचा विसंबून राहत नाही.

पांगाऱ्याचं जेवण संपायच्या आत जंगलानं पुढची तयारी केलेली असते. मुरूडजवळचं फणसाड म्हणजे एकेकाळचं जंजिऱ्याच्या नबाबांचं शिकारीचं रान. १९८६ पासून ते सुमारे ५४ चौरस किलोमीटरचं अभयारण्य आहे. तिथल्या उतारांवर काटेसावर फुलते, पळस पेटतो, मग उंबर आणि वड पिकतात, त्यानंतर करवंदं नि जांभळं येतात, आणि पाऊस सुरू झाला की किड्यांना तोटा नाही. पांगारा या साखळीतली वाडीकडची कडी आहे. रानातला पक्षी त्याच्यामुळे घराजवळ येतो आणि घराजवळच्या पक्ष्याला रानापर्यंत जाण्याची वाट मिळते. मधल्या वाड्यांतले पांगारे तुटले की ही वाट तुटते.

आणि ते तुटताहेत. ३ जून २०२० रोजी दुपारी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं, तेव्हा पिढ्यान्‌पिढ्यांचे माड आणि पोफळी काही तासांत आडव्या झाल्या. पांगाऱ्याच्याही फांद्या काडीसारख्या मोडल्या, कारण त्याचं लाकूड ठिसूळच. पण मोडल्या जागेतून तो पावसातच फुटला. समुद्राशी त्याचं नातं जुनं आहे. हिंदी महासागरापासून पॅसिफिकच्या बेटांपर्यंत किनाऱ्या-किनाऱ्यानं तो आढळतो, त्याच्या बिया खाऱ्या पाण्यात तरंगत दूर जातात. वादळांची सवय असलेल्या जपानच्या ओकिनावा बेटांनी तर त्याला आपलं मानाचं फूल केलं आहे.

वादळातून उठणारा पांगारा भिंतीपुढे मात्र हरतो. त्याच २०२० च्या मार्चमध्ये भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो बोट सुरू झाली, जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला, आणि मुंबई अलिबागच्या आणखी जवळ आली. जमिनींना भाव आला, वाड्यांचे तुकडे पडले. नवा मालक पहिलं काम करतो ते वई काढून चिऱ्याची किंवा सिमेंटची भिंत घालण्याचं. वई गेली की वईवरचा पांगारा आपोआप जातो. त्याच्या जागी हिरवळ येते, बाहेरच्या देशातले शोभेचे पाम येतात, आणि पोर्चमध्ये बाजरीनं भरलेला प्लास्टिकचा डबा टांगला जातो. या मालकांना पक्षी हवे असतात, यात शंका नाही. हळद्या आणि हरेवा बाजरीच्या डब्यावर येत नाहीत, एवढं त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

म्हणून ते इथे सांगतो. भिंत घालायचीच असेल तर आतल्या बाजूनं पांगाऱ्याची रांग लावा. फुलं सरल्यावर, एप्रिलच्या सुमाराला, मनगटाएवढ्या जाड आणि पुरुषभर उंचीच्या फांद्या तोडा. काटे आहेत, कोयता जपून चालवा. त्या सावलीत उभ्या करून ठेवा. मृगाचा पाऊस पडला की हातभर खोल खड्ड्यात पुरा आणि माती पायानं घट्ट दाबा. पहिली दोन वर्षं शेळ्यांपासून राखा. त्यावर मिरवेल चढवायचा असेल तर जरूर चढवा, पण सगळा शेंडा दरवर्षी बोडका करू नका. फुलं फांद्यांच्या टोकांना येतात, टोकंच गेली तर माघात त्याच्याकडे द्यायला काही उरत नाही. पौषात तो वाळल्यासारखा दिसेल तेव्हा गड्याला आधीच बजावून ठेवा. एवढं केलं की तार, डबा, धान्य यातलं काहीच लागत नाही. लागते ती हद्दीवरची हातभर जागा आणि झाडाला कोयता न लावण्याचा मालकाचा शब्द.